दोनच तिकिटं

आपल्या घरांत नवरा-बायको दोघंच मिळून कुठे जातात, याचा कधी विचार केलाय? दवाखान्यात जातात. बँकेत जातात. शाळेच्या पालकसभेला आणि मय्यतीला जातात. शादीला गेले तर तो मर्दान्यात आणि ती जनान्यात. जेवण उरकल्यावर मांडवाच्या तोंडाशी भेट. आणि फिरायला जायचं म्हटलं की मुलं, दादी, एखादी फुफू, तिची पोरं असा सगळा कबिला निघतो. त्यातही आनंद असतोच. पण निकाहाला वीस वर्षं झाली तेव्हा आम्ही दोघांनी सहज मोजून पाहिलं. फक्त एकमेकांच्या सोबतीसाठी घराबाहेर पडल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांतच संपले.

हाक मारायची तीसुद्धा मुलांच्या नात्याने. एक ‘मुलांचे अब्बा’, दुसरी ‘मुलांची अम्मी’. या लेखातही आम्ही तीच नावं वापरतो, कारण घरात आमची तीच नावं उरली आहेत.

गेल्या सुट्टीत आम्ही सगळे अबू धाबीला मुलांच्या मामूंकडे गेलो होतो. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांसारखं आमचंही अर्धं माहेर आखातात आहे. जेवताना मामूंनी खिशातून मोबाईल काढला आणि दोन तिकिटं दाखवली. यास बेटावरच्या एतिहाद अरेनात डिस्नेचा बर्फावरचा खेळ होता. आमच्या पोरांना वाटलं, ही आपल्यासाठी. मामू म्हणाले, "तुमच्यासाठी नाही, अब्बा-अम्मीसाठी. वीस वर्षं झाली ना त्यांना!" त्यावर धाकट्याला हसू आवरेना. "अब्बा-अम्मी? मिकी माऊस बघायला?" मामीने त्याला गप्प केलं. "आपा, दुल्हेभाई, तुम्ही दोघंच जा. पोरांना मी बघते."

दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. लहान मुलांचा खेळ आणि आपण दोघं चाळिशी उलटलेले मास्तर लोक! शिवाय अम्मीच्या मनात दुसरा प्रश्न होता. त्या खेळातली गाणी, बायकांचे कपडे, हे आपल्याला चालेल का? मामीने तिला झहरा लारीबद्दल सांगितलं. ही अबू धाबीचीच मुलगी. हिजाब घालून आंतरराष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धेत उतरणारी ती पहिली. 2012 साली इटलीतल्या एका स्पर्धेत डोक्यावरच्या कापडामुळे तिचा गुण कापला गेला. तिने आणि तिच्या देशाच्या लोकांनी आपली बाजू मांडली आणि पुढे हिजाबसाठी वाट मोकळी झाली. याने अम्मीच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळालं असं नाही. पण बर्फावर आपलंही कुणीतरी आहे हे कळल्यावर तिने शाल उचलली आणि निघाली. ज्यांना असे खेळ मुळीच पटत नाहीत, त्यांच्याशी आमचा वाद नाही. त्यांच्यासाठीही पुढे एक गोष्ट आहे.

आत गेलो. सगळीकडे लहान मुलं, त्यांच्या हातात चमकणाऱ्या कांड्या, अंगात राजकन्येचे झगे. आमच्या शेजारी बसलेल्या एका मलबारी बाईने प्रेमाने विचारलं, "तुमची मुलं कुठे आहेत?" "घरी आहेत," असं सांगताना आम्ही दोघं एकाच वेळी हसलो. पुष्कळ दिवसांनी असं झालं होतं.

बाहेर वाळवंटातलं ऊन आणि आत बर्फाचं मैदान. अब्बांच्यातला मास्तर जागा झाला आणि हे कसं करतात ते त्यांनी सांगायला घेतलं. जमिनीवर नळ्यांचं जाळं पसरतात, त्यांतून शून्याच्या खालचा थंडगार द्रव फिरवतात. वरून पाण्याचे पातळ थर एकावर एक देतात. प्रत्येक थर गोठला की पुढचा. जेमतेम काही इंच जाडीचा तो बर्फ, पण सगळा खेळ त्याच्यावर उभा. असले खेळ आजचे नाहीत. नॉर्वेच्या सोन्या हेनीने 1928, 1932 आणि 1936 अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली आणि नंतर अमेरिकेत बर्फावरचे खेळ गाजवले. डिस्नेची बर्फावरची मंडळी 1981 पासून गावोगाव फिरते आहे. अम्मी म्हणाली, "बरं सर, आता समोर बघा."

समोर एक जोडी आली होती. त्याने बुटाचं टोक बर्फात रोवलं आणि जागच्या जागी फिरू लागला. तिने त्याचा एकच हात धरलेला. तिचं अंग जवळजवळ बर्फाला टेकेल इतकं खाली झुकलेलं आणि ती त्याच्याभोवती गोल गोल जात होती. नीट पाहिलं तर दोघंही एकमेकांपासून लांब ओढत होते, आणि त्या ओढीमुळेच तोल सांभाळला जात होता. एकाने हात सोडला असता तर दोघंही पडले असते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघं मात्र गप्पच बसलो.

मग मध्यंतर झालं आणि खरी पंचाईत तिथे झाली. बोलायचं काय? सवयीने आम्ही मोबाईल काढला. मुलांनी खाल्लं का? थोरलीच्या फार्मसी कॉलेजची फी कधी भरायची? दादीच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या किती उरल्या? पाच मिनिटांत ते विषयही संपले. थोरली पुढच्या वर्षी हॉस्टेलला जाईल, धाकटाही दोन वर्षांनी जाईल. मग घरात जेवणाच्या दस्तरखानावर समोरासमोर बसून आपण हेच करणार का, हा प्रश्न दोघांच्याही मनात आला असावा. अब्बांनी मोबाईल बंद केला. "खेळ संपेपर्यंत घर नाही, शाळा नाही, मुलं नाहीत," असं ठरलं.

खाली एक मोठं यंत्र बर्फावरून सावकाश फिरत होतं. बुटांच्या पात्यांनी बर्फावर ओरखडे पडतात. हे यंत्र वरचा खरवडलेला थर कापून घेतं आणि मागे पाण्याची पातळ चादर सोडत जातं. ती गोठली की बर्फ पुन्हा आरशासारखा. कॅलिफोर्नियाच्या फ्रँक झांबोनींनी 1949 साली असं पहिलं यंत्र बनवलं, म्हणून आजही त्याला झांबोनीच म्हणतात. ते फिरत असताना कुणीही बर्फावर उतरत नाही.

त्या यंत्राकडे बघता बघता अम्मी बोलली. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. रोज असरच्या नमाजनंतर मायलेकींचा फोन व्हायचा. "अजूनही त्या वेळेला माझा हात फोनकडे जातो," ती म्हणाली. "नंबर काढलेला नाही मी." तीन वर्षांत हे शब्द घरात निघाले नव्हते. निघणार कधी? असरनंतर अब्बांचा शिकवणीचा वर्ग, तिची मगरिबपर्यंत स्वयंपाकाची घाई. थोड्या वेळाने अब्बाही बोलले. उर्दू शाळेची पटसंख्या दरवर्षी घटते आहे. आपण अतिरिक्त ठरलो तर या वयात कुठल्या तालुक्यात जावं लागेल, या विचाराने त्यांना पहाटे फजरच्या आधीच जाग येते. अम्मीला वाटायचं, तहज्जुदसाठी उठतात. ती म्हणाली, "आता जाग आली तर मलाही उठवत जा." कुणी कुणाला उपाय सांगितला नाही. दिवे पुन्हा मंद झाले आणि उरलेला खेळ आम्ही एकाच शालीत बसून पाहिला, कारण आत थंडी खरंच फार होती.

ज्यांना आमचं हे जाणं पोरकट वाटेल, त्यांना एक रिवायत आठवून द्यायची आहे. बुखारी शरीफमध्ये ती आली आहे. ईदच्या दिवशी मस्जिदीत हबशी लोक ढाल-भाल्यांचा खेळ करत होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांना आपल्या मागे उभं केलं, चादरीचा आडोसा दिला आणि त्यांचं मन भरेपर्यंत ते स्वतः उभे राहिले. दुसऱ्या एका रिवायतीत दोघांच्या धावण्याच्या शर्यतीचा प्रसंग आहे. एकदा हजरत आयशा (रजि.) पुढे गेल्या, काही वर्षांनी प्रेषित (स.) पुढे गेले आणि त्यांनी हसत मागची बाजी फेडली. सगळ्या उम्मतीची जबाबदारी खांद्यावर असलेल्या माणसाने बायकोबरोबर खेळ पाहायला आणि धावायला वेळ काढला. आपण शाळेचे पेपर तपासायचे आहेत म्हणून वेळ नाही म्हणतो!

सूरह रूमच्या 21 व्या आयतीत अल्लाहने जोडीदाराला सुकूनचं ठिकाण म्हटलं आहे आणि दोघांमध्ये मवद्दत आणि रहमत ठेवल्याचं सांगितलं आहे. आम्ही शाळेत मुलांना या शब्दांचे अर्थ शिकवतो. पण सुकून मिळायला आधी एके ठिकाणी बसावं लागतं, दोघांनीच, हातात काम नसताना.

यासाठी अबू धाबी लागत नाही आणि महागडी तिकिटंही लागत नाहीत. गावी परतल्यावर आम्ही महिन्यातला एक रविवार ठरवला आहे. पहिल्या रविवारी एसटीने दापोली गाठली, तिथून हर्णैला गेलो. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, तो उभं राहून पाहिला. सुरमई घ्यायची की नाही यावर भांडलो, शेवटी घेतली नाही. दादीने आधी नाक मुरडलं. "या वयात हे काय?" दुसऱ्या महिन्यात मात्र तिनेच विचारलं, "या रविवारी जायचं नाही का तुम्हाला? मग डबा कधी भरू?"

ज्या घरांत सासू डबा भरून देते, त्या घरातली सून आणि मुलगा दोघंही नशीबवान. वाचणाऱ्या प्रत्येक घरातल्या मोठ्यांना आमची एवढीच विनंती आहे. महिन्यातून एकदा पोरांना तुमच्याजवळ ठेवा आणि त्या दोघांना बाहेर पाठवा. कुठे गेला होता, काय पाहिलं, हे परत आल्यावर विचारू नका. चहा तेवढा तयार ठेवा.