कोंडाण्याहून बाबांना

कोंदिवडे, शनिवार रात्र

ती. बाबा, सा. न.

पुण्याहून निघालो आणि घाट उतरल्यावर कर्जतलाच उतरून कोंदिवड्याला राहिलो. पाऊस दणदणीत आहे. आईला सांगा, जेवण झालं.

पुण्यात सुदर्शन रंगमंचावर आणि इतरत्रही छोटी नाटकं पाहिली. त्यांतलं एक डोक्यातून जात नाही. सासू गेल्यावर तिच्या वस्तू वाटून घेणाऱ्या दोन जावा. नेपथ्य म्हणजे एक ट्रंक आणि एक स्टूल. संहिता मध्यावर रेंगाळते, शेवटी तर दोघींच्या तोंडी चक्क भाषण दिलंय. पण थोरली सासूच्या नऊवारीची घडी घालते तेव्हा तिचे हात आधी चालतात आणि वाक्य मागाहून येतं. तेवढ्यात त्या घरातली सगळी वर्षं कळतात. मी दुसऱ्या रांगेत होतो, म्हणून तिची बोटं दिसली. मोठ्या नाट्यगृहाच्या बाल्कनीतून ती दिसली नसती.

आता यावर लिहायचं काय? ‘स्तुत्य प्रयत्न’ म्हणून पाठ थोपटली की सगळे खूश. मला तो त्या मुलींचा अपमान वाटतो. नोकऱ्या सांभाळून रात्री तालमी करणाऱ्यांना निदान खरं मत तरी मिळायला हवं. शेवटचं भाषण काढा, असं स्पष्ट लिहिणार आहे. त्या घडीवर मात्र सावकाश लिहीन.

आणि हे लिहायचं तरी कशासाठी? एडिंबरात १९४७ साली आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना महोत्सवाच्या गावी जाऊन थडकल्या. तिथला फ्रिंज नाट्यमहोत्सव त्यातून उभा राहिला. आज तिथे एका हंगामात तीन हजारांवर कार्यक्रम असतात, आणि सकाळी छापून आलेल्या चार ओळींवर रात्रीची तिकिटं खपतात. आपल्याकडे परीक्षण येईपर्यंत बहुधा प्रयोगच संपलेले असतात. मग आपण लिहितो ते तिकिटं खपवायला नव्हे. रंगमंचावर काय घडलं ते कुठेतरी राहावं, एवढ्यासाठी.

‘आविष्कार’ नाट्यसंस्थेने १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात केवढं काम केलं! अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही नावं मी तुमच्याच तोंडून शिकलो. पण तिथले कितीतरी प्रयोग आज फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत उरलेत.

तुमचा
बंडू

कोंदिवडे, रविवार

ती. बाबा, सा. न.

आज कोंडाण्याची लेणी पाहिली. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हासच्या खोऱ्यात, ओढे ओलांडत जायची वाट. चैत्याच्या कमानीपुढे वरून पाण्याची धार कोसळत होती. पुढचे खांब पडलेत, पण दर्शनी भागावर नाचणाऱ्या जोड्या अजून आहेत. ही लेणी ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासची. भिक्खूंच्या प्रार्थनेच्या जागी, अगदी दारावर, नाच कोरलाय! कातळ इतका झिजूनही त्यांच्या अंगातली लय लपत नाही. मी भिजत कितीतरी वेळ बघत राहिलो.

शेजारी ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, असं त्यात म्हटलंय. कारागिराचं नाव टिकलं, त्याच्या गुरूचंही. ज्यांचा नाच पाहून हे सुचलं असेल त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. वाद्यं कोणती होती, बघायला कोण बसलं होतं, काही नाही. मला फार हळहळ वाटली.

परतल्यावर परीक्षण पुन्हा लिहायला घेतलं. प्रकाश सांभाळणाऱ्या मुलाचं नाव राहून गेलं होतं, ते घातलं. प्रेक्षक कुठे हसले आणि कुठे चुळबुळले, तेही घातलं. संपादक शब्द कापा म्हणतील. कथानकाचा सारांश कापीन, हे कापणार नाही.

एक काम आहे. अमोल पालेकरांच्या ‘जुलूस’ नाटकाचा प्रयोग तुम्ही छबिलदासला पाहिलात. तुम्ही कुठे बसला होतात, नट कुठून आले, अंगावर आले तेव्हा तुमच्या शेजारच्याने काय केलं, हे सगळं आठवून ठेवा. मंगळवारी वही घेऊन बसतो.

तुमचा
बंडू