आमची आठ सिटांची गाडी

आमच्या घरात माणसे सहा आणि मोटारसायकल एक. लग्नकार्याला जायचे म्हणजे अण्णांना तीन खेपा पडत. आजीचे गुडघे गेल्यापासून एस.टी.ची पायरी तिला चढवत नव्हती. दोन वर्षे ती गावाबाहेर अशी गेलीच नव्हती. अखेर 2023 च्या दिवाळीत अण्णांनी ठरवले, जुनी का होईना, ओम्नी घ्यायची.

ओम्नी म्हणजे हिंदी चित्रपटांत माणसे पळवायला वापरतात ती! 1984 साली ही गाडी ‘मारुती व्हॅन’ म्हणून बाजारात आली आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले. तेव्हा आता मिळेल ती जुनीच. पण तिचे दार सरकते, आणि पाय ठेवायची जागा इतकी खाली की आजी काठी टेकत आपली आपण आत बसते. आमच्या लेखी तिची सारी थोरवी एवढ्यातच होती.

कोल्हापुरात एका विक्रेत्याकडे 2009 ची, आठ सिटांची पांढरी गाडी सापडली. ओळखीच्या मिस्त्रीने पुढची सीट उचलून खालचे इंजिन पाहिले. 796 सी.सी., तीन सिलिंडर. धूर निळसर येतो का ते पाहिले (आला तर इंजिन ऑईल खाते म्हणे), मॅट काढून पत्रा ठोकून बघितला. सत्तर हजारांवर सौदा ठरला. आईची भिशी सगळी त्यात गेली. मग कागद पुढे आले, तेव्हा अण्णा विक्रेत्याला म्हणाले, “ते आमची पोरगी बघंल. कॉलेजात हाय ती.”

अण्णा गवंडी. शाळा तिसरीपर्यंत. मी तेव्हा एफ. वाय. ला होते. चारचौघांत मी ऐटीत चासी नंबर वाचला, इंजिन नंबर वाचला, दोन्ही गाडीशी जुळवले, कर्जाचा बोजा नाही हेही सांगून टाकले. “हुशार हाय की पोरगी!” विक्रेता म्हणाला. मला स्वर्ग दोन बोटे उरला. त्याच कार्डावर नोंदणीची मुदत छापलेली होती, एप्रिल 2024. माझी नजर तिच्यावरून गेली, आणि तशीच पुढे गेली. पुढे अण्णांच्या नावाचे कार्ड पोस्टाने आले, ते आईने हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवले. तेही मी वाचले नाही.

मार्चअखेर मिस्त्रीनेच विचारले, “अण्णा, पासिंग संपतंय की हो!” पंधरा वर्षे झाली की गाडी पुन्हा तपासून घ्यावी लागते; तेव्हा पुढच्या पाच वर्षांची नोंदणी मिळते. फी पाच हजार, पर्यावरण कर वेगळा. शिवाय तपासणीला उभी करायची म्हणजे कुजलेल्या पत्र्याला वेल्डिंग, ब्रेक, दिवे, दोन टायर. हे आधी कळले असते तर भावात वीस हजार तरी तोडले असते, असे मिस्त्री म्हणाला. हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही, हे त्याचे उपकार.

अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी रागवावे असे मला फार वाटत होते. ते रविवारीही कामावर जाऊ लागले. चैत्रात सगळा गाव जोतिबाच्या यात्रेला गेला आणि आमची गाडी मुदत संपून दारात उभी. आजी तिच्यातच बसून मेथी निवडायची! मी नमुना 25 चा अर्ज शब्दकोश घेऊन ओळ न् ओळ वाचला आणि भरला. इतका अभ्यास मी परीक्षेचाही केला नव्हता.

जूनमध्ये पासिंग झाले. पहिल्याच रविवारी आम्ही सहाही जण जोतिबाला निघालो. आजी पुढे बसली होती. घाटात सीट तापली, तशी म्हणाली, “शेकायला बरं हाय.”

नवे कार्ड आले तेव्हा अण्णांनी ते देव्हाऱ्यात ठेवू दिले नाही, माझ्या हातात दिले. “वाच,” म्हणाले, “समदं.” मी वाचत गेले. मुदतीपाशी आल्यावर त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि दाराजवळच्या भिंतीवर, विटांचा हिशेब मांडावा तसे, ठळक आकड्यांत लिहिले: 2029.