आधी त्याला एकट्याला विचारायला हवं होतं

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांचा विचार साधा होता: गावातले वाद गावातच मिटावेत, लोकांचे कोर्टातले खेटे वाचावेत. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावानं ग्रामसभेत मला तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष केलं. निम्मं गाव माझ्या हाताखाली शिकलेलं, त्यामुळे गुरुजींचा शब्द कुणी मोडणार नाही, असं लोकांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं, आणि चूक तिथूनच सुरू झाली.

सुरुवातीला चांगली कामं झाली. दोन चुलतभावांत बांध कोरण्यावरून आणि मोसंबीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण होतं. दोघांची जमीन सारखी, पाठीशी माणसंही सारखीच. शिवारात जाऊन टेप लावला, खुणा गाडल्या, पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहिल्या. ज्यानं बांध कोरला होता त्यानं तसं सगळ्यांसमोर कबूल केलं आणि स्वतःच्या खर्चानं तो भरून दिला. त्यांचं येणंजाणं अजून टिकून आहे.

मग एका सालगड्याचं प्रकरण आलं. मोटारीची केबल चोरल्याच्या संशयावरून मालकानं त्याला कानशिलात मारली होती. बायको ठाण्यात जायचं म्हणत होती. मी त्यांना थांबवलं. तंटामुक्त गावाला लोकसंख्येप्रमाणे रोख पुरस्कार मिळणार होता. आपल्या गावाच्या नावावर नवा गुन्हा नको, हा विचार तेव्हा माझ्या मनात होता, हे आज लपवणार नाही.

पारावर बैठक बसली. मालक खुर्चीवर, गडी खाली. मालक म्हणाला, "रागात हात उठला." मी गड्याला विचारलं, "मग मिटवायचं का?"

"तुम्ही म्हणाल तसं, गुरुजी."

बोलताना तो दर वेळी मान वळवून उजवी बाजू माझ्याकडे करत होता. मला वाटलं, संकोचलाय. मी कागद लिहिला, त्याचा अंगठा घेतला, दोघांना एकमेकांना नारळ द्यायला लावला.

पाडव्याला साल संपताच ते कुटुंब गाव सोडायला निघालं, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. बायको म्हणाली, "त्यांच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही, गुरुजी, त्या दिवसापासून. उचल मालकाची, खोली मालकाची. पारावर नाही म्हणून आम्ही जायचं कुठं?" मी ठाण्यात बरोबर येतो म्हणालो. तिनं नको म्हटलं.

एका कानाची श्रवणशक्ती कायमची गेली, तर कायद्यानं ती गंभीर दुखापत असते. अशा गुन्ह्यात तडजोड करायची तर ती जखमी माणसानं, न्यायालयाच्या परवानगीनं करायची असते. गावाला तो अधिकारच नाही. मी त्याला साधं दवाखान्यातही पाठवलं नव्हतं.

पुढे पुनर्स्थापक न्यायाबद्दल वाचलं. अमेरिकी अभ्यासक हॉवर्ड झेर विचारतात: नुकसान कुणाचं झालं? त्याला काय हवं आहे? ते भरून देणं कुणाचं काम? माझा पहिलाच प्रश्न मिटवण्याचा होता. तो गावाच्या सोयीचा होता, त्या माणसाच्या नव्हे.

बैठक केव्हा घ्यावी, याबद्दल आता माझं मत पक्कं आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आधी त्याच्या घरी, एकट्याला भेटावं. त्यानं नाही म्हटलं तर त्याचं काम, छप्पर, घरची माणसं धोक्यात येणार असतील, तर त्याचा होकार होकार धरू नये. करणारा नेमकं काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगत नसेल, नुसतं "रागात झालं" म्हणत असेल, तर बैठक घेऊ नये. बलात्कार, खून, दरोडा यांसारखे गुन्हे केवळ समेट झाला म्हणून रद्द करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या ग्यान सिंग खटल्यात स्पष्ट केलं आहे. जातीवरून अत्याचार झाला असेल किंवा लेकराचा छळ झाला असेल, तर तिथं पारानं मध्ये पडूच नये; सरळ ठाणं गाठावं.

बांधाचा वाद सुटला, कारण त्या दोघांपैकी कुणीही बैठकीतून उठून जाऊ शकत होता. सालगडी उठून जाऊ शकत नव्हता. समितीत बसणाऱ्या प्रत्येकानं कागद पुढे करण्याआधी एवढं तरी तपासावं.