पासपोर्टला आशीर्वाद

बुधवारची नोव्हेना आटोपून आम्ही चर्चबाहेर पडतो, तेव्हा दाराशी कोणी ना कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत पासपोर्ट घेऊन उभे असते. "फादर, जरा हात ठेवा." आम्ही हात ठेवतो, क्रुसाची खूण करतो, प्रवास सुखाचा होवो म्हणतो. आमचा धर्मग्राम अंधेरीचा. सहारचा विमानतळ इतका जवळ, की प्रवचनाला जरा रंग चढावा आणि नेमके डोक्यावरून विमान जावे, हे आता अंगवळणी पडले आहे. येथल्या गावठाणात परदेशी कोणीच नाही असे घर शोधावे लागेल. व्हिसा, एजंट, काँट्रॅक्ट हे शब्द आमच्या कचेरीत बाप्तिस्म्याच्या दाखल्याइतकेच नित्याचे झाले आहेत.

त्या दाखल्यांतही गमती घडतात. काही वर्षांपूर्वी एकाच सकाळी दोन तरुण जुने दाखले काढायला आले. एक गोवेकर कुटुंबातला. त्याचे आजोबा १९६१च्या डिसेंबरापूर्वी गोव्यात जन्मलेले. त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा आणि त्या आधारे पुढच्या पिढ्यांनी पोर्तुगालचे नागरिकत्व मागायचे, असा तो मार्ग. त्यापायी भारताचे नागरिकत्व सोडावे लागते, हा विषय अशा घरांत बहुधा सर्वांत शेवटी निघतो. दुसरा आमच्याच गावठाणातला ईस्ट इंडियन. आडनाव त्याचेही पोर्तुगीज, पण साष्टी १७३७ सालीच पोर्तुगिजांच्या हातून गेली आणि दोन वर्षांनी वसईही पडली. "म्हणजे फादर, चिमाजी आप्पांनी आमचा व्हिसा रद्द केला म्हणा की!" तो म्हणाला. इतिहासाचा इतका नेमका अर्थ आम्हांला सेमिनरीतही कोणी सांगितला नव्हता.

परंतु वाचकहो, हे लिहावयास बसलो ते या गमतीसाठी नव्हे. एक गोष्ट गेली काही वर्षे आमच्या मनात सलते आहे.

२०२३ साली एक सद्गृहस्थ आमच्याकडे आले. इंग्लंडमध्ये वृद्धांच्या शुश्रूषेसाठी माणसे हवी आहेत, रविवारच्या मिस्सेनंतर पॅरिश हॉलमध्ये अर्धा तास बोलू द्या, अशी त्यांची विनंती. बातमी खोटी नव्हती. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२मध्ये शुश्रूषा-सेवकांसाठी कामाचा व्हिसा खुला केला होता आणि केरळातून, पंजाबातून, आफ्रिकेतून मुली जात होत्या. आम्ही हॉल दिला. एवढेच नव्हे, वेदीवरून सूचनाही आम्हीच वाचली. त्या गृहस्थांपाशी परवाना आहे काय, हे विचारण्याचे आम्हांला सुचले नाही. स्वच्छ शर्ट आणि गळ्यातील क्रूस आम्हांला पुरेसा वाटला.

धर्मग्रामातील एका विधवा भगिनीची मुलगी एका नर्सिंग होममध्ये आयाचे काम करी. तिने नाव दिले. बारा लाख रुपये ठरले. आईच्या बांगड्या व पोहेहार बँकेत गेले, उरलेले नातलगांकडून उभे राहिले. पगार वर्षाला २०,९६० पौंड; माउलीने त्याला शंभराने गुणले आणि तो आकडा घरातल्या सर्वांना पाठ झाला. तिथले घरभाडे, गाडीभाडे, थंडीतला गॅस कोणी वजा केला नाही. (गुणाकार आमच्या लोकांना जन्मतः येतो, वजाबाकी शिकावी लागते.)

निघण्यापूर्वी मायलेकी कागदांची फाइल घेऊन आमच्या कचेरीत आल्या. "फादर, तुम्ही इंग्रजी जाणता, जरा नजर घाला." बाहेर लग्नाच्या नोंदणीची जोडपी खोळंबली होती. आम्ही चार पाने चाळली, मुलीला सद्वर्तनाचे पत्र दिले, पासपोर्टला आशीर्वाद दिला आणि देवावर भरवसा ठेवा असे सांगून त्यांना वाटेला लावले.

त्या फाइलीत काय होते ते आम्ही पुढे वर्षभराने वाचले. व्हिसा एकाच कंपनीच्या प्रायोजकत्वावर होता. ती कंपनी गेली की व्हिसाही गेला. कामाच्या तासांची हमी कोठेच नव्हती. भारतातील नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटाने सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि वर कर, याहून अधिक घ्यावयाचे नसते. आमच्या सद्गृहस्थांनी त्याच्या चाळीस पट घेतले होते. सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर परवान्याचा क्रमांक कोणालाही पाहता येतो. त्यांचा क्रमांक नव्हताच.

मुलगी पोचली. पहिले तीन आठवडे काम नाही. मग दिवसातून तीन-चार घरे, मधल्या प्रवासाचे पैसे नाहीत. २०२४ साली तिथल्या सरकारने कंपनीचा परवाना रद्द केला. हा प्रकार एकट्या तिच्या वाट्याला आला असेही नाही. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ब्रिटनमधील शुश्रूषा क्षेत्रातील ४७०हून अधिक मालकांचे परवाने असे रद्द झाले. लबाडी मालकांची, पण मुदत मिळाली ती मजुरांना. साठ दिवसांत नवा प्रायोजक शोधा, नाहीतर देश सोडा. रात्री दोन वाजता तिने आम्हांला फोन केला. रडत नव्हती. "फादर, आजचा नववा दिवस," एवढेच म्हणाली.

आम्ही या बाबतीत अजाण होतो असे म्हणण्याचीही सोय नाही, कारण हा धडा आमच्याच घरात गिरवून झालेला होता. आमचे वडील १९७९ साली फिटर म्हणून कुवेतला गेले. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात राही. त्या मालकाला ते 'कफील' म्हणत. त्याच्या संमतीवाचून नोकरी बदलता येत नसे. दर दोन वर्षांनी वडील सुट्टीवर येत, टेपरेकॉर्डर आणि दुधाच्या पावडरीचे डबे आणीत, आणि आम्हां मुलांना ते सारे वैभवच वाटे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले तेव्हा आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत होतो. मालक पळून गेला. कपाटाची किल्ली त्याच्याबरोबर गेली. त्या वर्षी लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणले गेले. त्यांत वडील वकिलातीच्या एका कागदावर, वाळवंट ओलांडून, जॉर्डनमधील अम्मानमार्गे सहारला उतरले. हातात एक कापडी पिशवी होती. पुढे ते म्हणत, "अकरा वर्षं मी कुवेतमध्ये होतो, पण माझा पासपोर्ट मी मोजून पाच वेळा पाहिला." हे वाक्य आम्ही अनेक प्रवचनांत वापरले. तरीही पुढ्यात फाइल आली तेव्हा ते आठवले नाही.

आखाती देशांत आता पुष्कळ बदल झाले आहेत. नोकरी बदलण्यासाठी मालकाचा ना-हरकत दाखला लागण्याची अट कतारने २०२० साली काढली. सौदी अरेबियाने मार्च २०२१पासून तशी सवलत दिली, मात्र घरकामगारांना तिच्यातून वगळले. पण ही गाठ केवळ अरबस्तानची आहे असे मानणे आमची चूक होती. आमच्या शेजारी सीप्झ आहे. त्याच्या कुंपणाआड मरोळचे १५७९ सालचे जुने चर्च भग्नावस्थेत उभे आहे आणि त्याच्या सावलीत संगणकाची कचेरी. तेथून अमेरिकेला गेलेला आमचा एक इंजिनियर नोकरी सुटताच मिस्सेसाठी निरोप पाठवतो, तेव्हा त्याच्याही पत्रात तोच आकडा असतो: साठ दिवस. एच-वन-बी व्हिसासाठी अर्ज करतो मालक, माणूस नव्हे. वेल्डर, आया आणि इंजिनियर रविवारी एका बाकावर बसत नाहीत, परंतु तिघांचेही पासपोर्टावरचे नशीब दुसऱ्याच्या सहीवर टांगलेले आहे.

त्यातही वेल्डरला निदान एक कुंपण आहे. १९८३च्या कायद्याने दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टावर तपासणीची नोंद असते आणि अठरा देशांत, ज्यांत आखाताचे सारे देश येतात, नोकरीस जाताना स्थलांतरितांच्या संरक्षक अधिकाऱ्याची परवानगी लागते. करारपत्र तेथे कोणी तरी वाचतो. दहावी झालेल्याला ही तपासणी सहसा नसते आणि ब्रिटन तर त्या यादीतच नाही. आमच्या मुलीने बारावी केली होती. तिचे कागद वाचणारे सरकारी डोळे नव्हते. होते ते फक्त आमचे.

एक्कावन्नाव्या दिवशी तिला दुसरी कंपनी मिळाली, लंडनपासून पाच तासांवर. ती तेथे आहे. जुलै २०२५पासून ब्रिटनने परदेशातून नवे शुश्रूषा-सेवक घेणे बंद केले, म्हणजे ती परतली तर तो दरवाजा तिला पुन्हा उघडणार नाही. त्यामुळे आजीच्या मौतीलाही ती आली नाही. एजंटाचा फोन बंद आहे. पोलिसांत तक्रार दिली, तिच्यावर आमचीही सही आहे. दागिने अजून बँकेत आहेत. तिची आई आम्हांला एका शब्दाने बोलली नाही, दर रविवारी दुसऱ्या रांगेत बसते आणि सर्वांआधी "फादर, बरे आहात ना?" विचारते. हे सोसणे अवघड जाते. ज्या वेदीवरून सूचना वाचली होती तेथूनच, नाव न घेता, आमची चूक आम्ही सांगितली. काहींना ते रुचले नाही. धर्मगुरूने असे चारचौघांत बोलू नये, असे एका ज्येष्ठांनी सांगून पाहिले.

परवाच्या बुधवारी एक आई मुलाला घेऊन आली. मुलगा नववीपर्यंत शिकलेला, दुबईत वेल्डिंगचे काम, विमान शुक्रवारी पहाटे. आम्ही त्यांना कचेरीत बसवले आणि चष्मा लावला. माउली अस्वस्थ. "फादर, नुसता आशीर्वाद द्या, त्याला अजून सामान बांधायचे आहे." आम्ही व्हिसाचा कागद वाचला. दोनदा वाचला. त्यावर नोकरीचा शब्द नव्हता. तो पर्यटकाचा व्हिसा होता.

"एजंट बोलला तिथं गेल्यावर बदलून देतो," मुलगा म्हणाला.

त्या व्हिसावर काम करणे हा तेथे गुन्हा आहे, आणि पर्यटक म्हणून गेल्याने त्याचा करार येथल्या संरक्षक अधिकाऱ्यापुढे कधी येणारच नाही, हे आम्ही त्याला सांगितले. आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती. डोक्यावरून विमान गेले, म्हणून आम्हांला थोडे थांबावे लागले. मग तिकीट रद्द केल्यास किती पैसे कापतील हे विचारायला मुलगा फोन घेऊन व्हरांड्यात गेला.