खालून येणारी थंडी

थंडी वरून येते, असा आपणा सर्वांचा पिढीजात समज आहे. म्हणूनच पौष-माघाच्या रात्री कुडकुडणारा मनुष्य पांघरुणावर पांघरूण चढवीत जातो; अंथरुणाकडे त्याचे लक्ष जात नाही. होळकरांच्या मागोमाग आपले पूर्वज माळव्यात आले ते गोधडी घेऊन आले, आणि इथल्या थंडीने त्यांना रजई शिकविली. पण गोधडी काय नि रजई काय, दोहोंचा विचार आपण केला तो प्रामुख्याने अंगावर घ्यावयाची वस्तू म्हणून. गादीवर निजणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. जो दोन झाडांच्या मध्ये कापडाची झोळी टांगून तीत रात्र काढू पाहतो, त्याला मात्र हा समज सोडून द्यावा लागतो.

‘हॅमॉक’ या नावाने बाजारात मिळणारी ही झोळी मूळची अमेरिकेतील उष्ण बेटांवरची. १४९२ साली कोलंबस तेथे पोचला, तेव्हा तेथील लोक कापसाच्या जाळीदार झोळ्यांत निजत असल्याचे त्याच्या मंडळींना आढळले. दमट, उष्ण हवेत पाठीखालून वारा खेळावा यासारखे सुख नाही. परंतु उष्ण प्रदेशातला हाच गुण थंड प्रदेशात दोष होऊन बसतो. जमीन गार असली तरी ती एका जागी स्थिर असते. झोळीखालचा वारा मात्र क्षणाक्षणाला नवा येतो आणि शरीराची ऊब घेऊन निघून जातो.

एका सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने या विषयात शिरावे याचे कारण काय, असे वाचक विचारतील. एम. ए. मराठीचे, नोकरी इंदूरच्या हिंदी शाळेतली, आणि उठाठेव झोळ्यांची! सांगतो. आमच्या शाळेची बारा मुले दरवर्षी हिवाळ्यात दोन रात्रींसाठी महूजवळच्या जानापाव डोंगराच्या पायथ्याशी जातात. चंबळेचा उगम तिथला. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घराला लागूनच असलेल्या आमराईत मुक्काम असतो. जमीन खडकाळ, पहाटे दहिवराने ओलीचिंब. हिमालयात भटकंती करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने गेल्या वर्षी शाळेला पॅराशूटच्या जातीच्या नायलॉनच्या बारा झोळ्या भेट दिल्या. मुले हरखली. आणि दुसऱ्याच दिवशी नववीतल्या एका मुलाची आजी शाळेत आली. मुलाला आईबाप नाहीत. आदल्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला होता. “माट्साब,” ती म्हणाली, “न्यायचा तर न्या, पण जसा नेता तसा परत आणा.” त्या एका वाक्याने झोळीचा खेळ संपला आणि अभ्यास सुरू झाला.

पहिला प्रश्न वजनाचा. मध्यान्ह भोजनाच्या कोठीतल्या काट्यावर आम्ही मुलांची सामानासह वजने केली. आजीचा नातू भरला ३४ किलो. एवढ्या मुलाच्या पाठीवर सहा-साडेसहा किलोंहून अधिक ओझे देऊ नये, असे आमच्या मनाने घेतले. त्याच्या घरची कापसाची रजई भरली २ किलो ९०० ग्रॅम, आणि तिनेच निम्मी पिशवी व्यापली. मग कपडे, ताटवाटी, पाणी कुठे ठेवायचे? याउपर ती रजई झोळीत कितपत कामाची, हे पाहायचे होतेच.

त्यासाठी विज्ञानाच्या तासाला आम्ही मुलांना एक प्रयोग करावयास लावला. कढत पाणी भरलेल्या दोन सारख्या बाटल्या घेतल्या. दोहोंभोवती सारख्याच वजनाचा कापूस गुंडाळला. एकीवर तो सुतळीने करकचून आवळला, दुसरीवर पिंजून सैल ठेवला. अर्ध्या तासाने तापमापके घालून पाहिली. आवळलेली बाटली अधिक निवली होती. कापूस तोच, वजन तेच. फरक पडला तो कापसातल्या हवेचा. पिंजारी दारावर येऊन जुना कापूस पिंजतो तेव्हा तो रजईत नवे असे काही घालीत नाही, हवाच घालतो. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९२ साली केसाळ कातडी, पिसे, लोकर यांवर प्रयोग करून हेच दाखवून दिले होते. ऊब धरते ती धाग्यांत अडकून स्थिर झालेली हवा; धागा हा केवळ तिचा पहारेकरी.

हे एकदा ध्यानी आले म्हणजे झोळीचे सारे कोडे उलगडते. झोळीत रजई अंथरून तीवर मनुष्य निजला, की त्याच्या भाराने ती पापडासारखी चेपते. वर चार बोटे फुगलेली, खाली कागद! तेव्हा उबेचा थर झोळीच्या आत न अंथरता झोळीच्या बाहेर, तळाशी टांगावा, म्हणजे अंगाचा भार झोळी सोसते आणि थर फुगलेलाच राहतो. त्या थराला आम्ही ‘तळरजई’ असे नाव दिले. तिला दोन पथ्ये आहेत. झोळीला ती सर्वांगाने टेकली पाहिजे, पण ताणली जाता कामा नये. घट्ट बांधली तर चेपते. फार सैल सोडली तर मधल्या फटीतून वारा वाहतो आणि ती असून नसल्यासारखी होते. म्हणून तिच्या दोन्ही टोकांना दोरीऐवजी इलॅस्टिक लावतात.

आता ती कशाची करावी? हलकेपणात आणि आटोपशीरपणात पहिला मान ‘डाऊन’चा, म्हणजे हंस-बदकांच्या छातीवरच्या लवेचा. उत्तम प्रतीची २८ ग्रॅम लव मोकळी फुगली की सुमारे १३ लिटर जागा व्यापते, आणि दाबली की मुठीत मावते. या लवेचा इतिहास वाचताना एक गंमत हाती लागली. १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच हा रसायनशास्त्रज्ञ बलूनच्या कापडात लव भरून शिवलेला डगला घालून गेला. बरोबरीची मंडळी आधी हसली. पुढे थंडीने त्यांचे हसू आवरले. हाच फिंच १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक होता. त्या काळी पुणेकरांपैकी किती जणांना त्या डगल्याची कथा ठाऊक असेल, कोण जाणे!

आमच्या माजी विद्यार्थ्याची लवेची तळरजई भरली ५५० ग्रॅम. गुंडाळली की तांब्याएवढी. पाहून मोह पडला. पण लवेचा एक शत्रू आहे, पाणी. ओली झाली की लव गोळा होऊन बसते, हवा धरीत नाही आणि लवकर वाळत नाही. दहिवरात बारा मुलांच्या हाती ती देणे आणि काचेची भांडी देणे सारखेच. शिवाय किंमत. जो एकटा, जपून वापरणारा, उंच डोंगरात जाणारा आहे, त्याने लवच घ्यावी. ती वर्षानुवर्षे साथ देते.

दुसरा पर्याय फोमच्या चटईचा. ती स्वस्त, तीन-चारशे ग्रॅम वजनाची. पाणी पीत नाही आणि अंगाखाली फारशी चेपतही नाही. पण गुंडाळी मोठी होते, झोळीत ती सरकते, आणि हातदीड हात रुंदीमुळे खांदे उघड्या कापडावर राहतात. तिसरा पर्याय पॉलिएस्टरच्या तंतूंचा, ज्याला गादीवाले नुसते ‘फायबर’ म्हणतात. लवेपेक्षा तो जड, दाबल्यावर जागाही अधिक घेतो आणि काही वर्षांनी थकतो. परंतु ओला झाला तरी थोडीबहुत ऊब राखतो, धुता येतो, आणि आपल्या आवाक्यातला आहे.

आम्ही निवड केली ती दोहोंच्या मेळाची. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत फायबरची आखूड तळरजई, ६०० ग्रॅम. पायांखाली फोमचा कापलेला तुकडा, १०० ग्रॅम. अंगावर घरचेच कांबळे, सव्वा किलो. एकूण दोन किलोंच्या आत. एका लवेच्या तळरजईच्या किमतीत बाराही मुलांची सोय झाली.

शिवणकाम आमच्या मंडळींच्या यंत्रावर झाले, आणि तिथे एक घरगुती वाद उपस्थित झाला. गोधडीचे सौंदर्य तिच्या दाट, बारीक टाक्यांत असते. सासूबाईंनी शिकविलेला हात तसाच चालणार. आमचे म्हणणे असे, की टाका पडतो तिथे जाडी नाहीशी होते आणि तिथूनच थंडी शिरते. तेव्हा टाके वीत-वीत अंतरावर घालावेत. “असली ढगळ शिवण लोकांना दाखवायची कशी?” हा प्रश्न दोन दिवस घरात होता. शेवटी आजीच्या नातवाचे नाव काढले, तेव्हा यंत्र चालू झाले.

मुक्कामाच्या रात्री मुलांना गरम खिचडी जेवू घातली. निजण्यापूर्वी सर्वांना लघवीला धाडले आणि दिवसभराचे दमट मोजे काढून कोरडे घालावयास लावले. झोळ्या खुर्चीच्या उंचीहून वर टांगू दिल्या नाहीत. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा केला. झोळीखाली वा शेजारी शेकोटी पेटवायची नाही, हा नियम कडक. नायलॉनला ठिणगी पुरते. मुलांना एवढे सांगून ठेवले, की कोणाचे दात वाजू लागले, कोण अडखळत बोलू लागला, तर त्याने लाजायचे नाही आणि शेजाऱ्याने हाक मारावयास कचरायचे नाही. शेतकऱ्याच्या ओसरीत चार जास्तीच्या रजया तयार होत्याच. प्रयोगाच्या हौसेपायी मूल गारठू द्यायचे नसते.

पहाटे तीनला आंब्याच्या फांदीवरचे तापमापक ७ अंश दाखवीत होते. आम्ही बॅटरी घेऊन झोळी-झोळीपाशी गेलो. हातपाय गार लागले तरी फसगत होते. मान खरे सांगते. एकाची तळरजई कुशीवर सरकली होती, ती सारखी केली. शेवटची झोळी आजीच्या नातवाची. मानेला हात लावला. भाकरीच्या टोपलीतल्या फडक्यासारखी कोमट होती. त्याचा श्वास संथ चालला होता. त्यानंतर आम्ही निजायला हवे होते. पण चंबळेच्या त्या खोऱ्यावर उजाडेपर्यंत आम्ही बाजेवर बसूनच राहिलो, आणि त्या जागरणाचा आम्हांस जराही शीण वाटला नाही.

परत आल्यावर आजीने नातवाला पाहिले, मग तळरजई मागवून उलटीसुलटी केली. “टाके फार कमी घातलेत,” एवढाच शेरा तिने दिला. आमच्या मंडळींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही खिडकीबाहेर पाहिले.

राहता राहिला जपणुकीचा प्रश्न. अशा वस्तू दाबून कपाटात कोंबल्या तर त्यांचा फुगवटा मरतो. म्हणून शाळेतल्या प्रयोगशाळेत दोरी बांधून बाराही तळरजया सैल टांगून ठेवल्या आहेत. मध्यंतरी तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या रंगीबेरंगी रांगेकडे बोट दाखवून विचारले, “हे काय साठवून ठेवले आहे?” आम्ही उत्तर देण्याच्या आतच पाठीमागून नववीतला तो मुलगा म्हणाला, “हवा, सर.”

साहेबांनी चष्मा वर करून आमच्याकडे पाहिले. आम्ही मुलाला पैकीच्या पैकी गुण दिले.