हिशेबाची वही

मी दहावी. त्यापुढची शाळा बघितली नाही. त्यामुळं २०१६च्या उन्हाळ्यात थोरल्या पोरीनं मला विचारलं, "अण्णा, एम.टेक. करू का नोकरी धरू?" तेव्हा पहिल्यांदा हसूच आलं. म्हटलं, विहिरीवरच्या मोटरीला किती फेजची लाईट लागते ते विचार, सांगतो. हे मला काय कळणार?

पण ती हसली नाही. ओट्यावर बसून राहिली.

तो उन्हाळा आमच्या बार्शी भागानं जन्मात विसरू नये असा. लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, ती गाडी आमच्या बार्शीवरनंच जायची. आम्ही फाटकापाशी उभं राहून पाण्याची गाडी बघायचो. आमची विहीर मार्चातच बसली होती. एकरभर ऊस वाळत चालला म्हणून कापून जनावरांना घातला. डाळिंबाची दीडशे झाडं टँकरच्या पाण्यावर धुगधुगी धरून होती. आणि त्याच महिन्यात पोरगी सोलापूरहून कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन घरी आली.

तिच्या हातात दोन गोष्टी होत्या. पुण्यातल्या एका कंपनीचं पत्र, वर्षाला साडेतीन लाख. आणि गेट म्हणून जी परीक्षा असते तिचा निकाल. फेब्रुवारीत दिली होती, मार्चात निकाल आला होता. त्या गुणांवर नागपूरच्या व्हीएनआयटीत नंबर लागेल अशी आशा होती. एम.टेक.ला गेलं की सरकार महिन्याला १२,४०० रुपये देतं. मी मनात लगेच वजाबाकी केली. नोकरीत हातात पडणार चोवीस हजार. बारा आणि चोवीस.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

मग तिनं डाळिंबाचं काढलं. शेवटच्या वर्षी कॉलेजात प्रोजेक्ट करायचा असतो. हिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी डाळिंबाच्या फळाचा फोटो घेऊन त्यावर तेल्या आहे का नाही हे कॉम्प्युटरनं ओळखायचं, असं काम घेतलं होतं. कॉलेजात सरांपुढं ते बरोबर चाललं. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्या बागेत फोटो काढायला आली, तर कॉम्प्युटर धुळीच्या डागालाही तेल्या म्हणायला लागला. सावली पडली की तेल्या. पानाची कड वाळली की तेल्या. मी तेव्हा चेष्टा केली होती, "तुझ्या कॉम्प्युटरचं ऐकलं तर सगळी बाग उपटावी लागंल."

"अण्णा, ते का चुकतंय ते मला अजून कळलं नाही," ती म्हणाली. "तिथं चांगल्या उजेडातलेच फोटो शिकवले होते, एवढं कळलं. पण पुढं काय करायचं ते शिकल्याशिवाय येणार नाही. कंपनीत तीन महिने ट्रेनिंग देतात आणि रिकामी जागा असेल त्या कामाला लावतात. तिथं मला डाळिंबाचं कोण विचारणार?"

वर्गातली निम्मी पोरं नोकरी लागली नाही म्हणून पुढं शिकतात, हेही तिनंच सांगितलं. "मी तशी जात नाही," म्हणाली.

मी छाती पुढं काढून सांगून टाकलं, "मग शीक. पैशाचं तुझा बाप बघंल."

रात्री जेवणं झाल्यावर हिची आई भांडी घासता घासता म्हणाली, "कशानं बघणार?"

मी गप्प. पोरीला माहीत नव्हतं ते तिच्या आईला माहीत होतं. शिक्षणाचं कर्ज बँकेतनं काढलं होतं तीन लाख साठ हजार, त्याचं व्याज पहिल्या दिवसापासनं चढत होतं आणि आकडा साडेचार लाखांच्या घरात गेला होता. शिक्षण संपल्यावर वर्षभरानं हप्ता सुरू होणार होता. साहेबांनी सांगितलं होतं, पुढं शिकत असेल तर अर्ज करा, हप्ता लांबवता येईल, पण व्याज थांबत नाही. सोसायटीचं पीककर्ज एक लाख वीस हजार थकलेलं. आणि मेव्हण्यांकडनं हातउसने ऐंशी हजार, ते तर पोरीच्या कानावरही जाऊ दिलं नव्हतं.

"तिला सांगा," आई म्हणाली.

"कशाला? तिचा पाय मागं येईल."

"येऊ द्या. पण तिच्या डोळ्यांनी बघून येऊ द्या. तुमचं तुम्ही विसरलात का?"

हे तिनं बोलायला नको होतं, आणि बोलली ते बरं झालं.

१९७६ साली मी दहावी पास झालो. अठ्ठावन्न टक्के. आमच्या गावात तेव्हा तेवढे मार्क पडले तर मास्तर घरी येऊन गूळ मागायचे. मला बार्शीला कॉलेजात जायचं होतं, सायकलचं बोलणंही झालं होतं. जून उजाडला, आणि एका सकाळी वडिलांनी न बोलता बैलाचा कासरा माझ्या हातात दिला. बस. ना कारण, ना चर्चा. मी कुळव धरला तो आजतागायत. मला वाटलं, वडिलांच्या लेखी मी शिकायच्या लायकीचा नव्हतो. धाकट्याला पुढं शिकवलं, तेव्हा तर ते मनात पक्कंच बसलं. मी वडिलांशी कामापुरतं बोलायचो. पंधरा वर्षं.

ते गेल्यावर पेटीत कागद सापडला. १९७२च्या दुष्काळात चार एकर गहाण पडली होती. ती सोडवायला घरात एक जोडी हात लागत होते, ते माझे होते. धाकटा कॉलेजला जायच्या आधी जमीन सुटली होती. एवढंच होतं. हे त्यांनी मला कासऱ्याबरोबर सांगितलं असतं, तर मी कुळव तसाच धरला असता. पण पंधरा वर्षं एका घरात परक्यासारखा वागलो नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिशेबाची वही, बँकेचं पासबुक, सोसायटीची नोटीस, सगळं पोरीपुढं ओट्यावर ठेवलं. मेव्हण्यांचे ऐंशी हजारही तोंडानं सांगितले. माझी मान वर होत नव्हती.

तिनं सगळं वाचलं. रडली नाही, रागावली मात्र. "चार वर्षं मी मेसचं जेवण आवडत नाही म्हणून बाहेर खात होते अण्णा," म्हणाली. "तेव्हा सांगायचं होतं."

दोन दिवस ती कुणाशी नीट बोलली नाही. मधेच आक्का आली, तिचं तिसरंच. "शिकून काय करायचंय, सोयरीक बघा." तिला चहा पाजून वाटेला लावलं.

तिसऱ्या दिवशी पोरीनं वहीच्या मागच्या पानावर मांडून आणलं. गेटचे गुण तीन वर्षं चालतात, म्हणजे २०१८च्या प्रवेशालाही चालतील. तोवर दोन वर्षं नोकरी. मेव्हण्यांचे आधी फेडायचे, मग बँकेचे. पुण्यात एका खोलीत चौघी राहायचं. "दोन वर्षांनी मी परत हा प्रश्न विचारीन. तेव्हाही वही काढायची," अशी अट घातली.

मी म्हटलं, "एकदा पगाराची चव लागली की परत वर्गात बसवत नाही म्हणतात."

"नाही बसवलं तर ते माझं मी ठरवलेलं असंल."

ती जूनअखेर पुण्याला गेली. त्या साली पाऊस मनासारखा झाला. तूर इतकी आली की भाव पडला आणि खरेदी केंद्रावर पोत्यांच्या थप्पीवर झोपून नंबर धरावा लागला. २०१७च्या कर्जमाफीत सोसायटीचं निघालं. पोरीनं मेव्हण्यांचं फेडलं, बँकेचंही निम्म्याच्या वर उतरवलं. कंपनीत तिला टेस्टिंगचं काम दिलं होतं. दुसऱ्यांनी केलेल्यातल्या चुका शोधायच्या. फोनवर म्हणायची, "अण्णा, चूक सापडते, पण ती का झाली ते विचारायचं माझं काम नाही."

२०१८च्या मेमध्ये ती सुट्टी काढून आली आणि म्हणाली, "वही काढा." पगार तोवर वाढला होता, त्यामुळं दुसऱ्यांदा ठरवणं जास्त अवघड होतं. बँकेचे दीड लाख राहिले होते. मी म्हटलं, "एवढं माझ्याकडं राहू दे. डाळिंब उभं आहे." या वेळी ते खरं होतं, वहीत दिसत होतं. जुलैत तिला नागपूरला सोडून आलो. शेवटचं सत्र करोनामुळं तिनं घरूनच केलं, माळवदावर रेंज धरून. दुपारी बागेत जाऊन फोटो काढायची, मुद्दाम सावलीतले, धुळीतले, सगळे.

तिच्याबरोबर कंपनीत लागलेली मैत्रीण शिकायला गेली नाही. तिचाही पगार चांगला वाढला, ती सुखात आहे. तेव्हा शिकलं म्हणजेच भलं होतं, असं मी म्हणणार नाही. आमच्या पोरीपाशी एक प्रश्न होता, तो तिला झोपू देत नव्हता, म्हणून ती गेली.

आता गावात कुणाचा पोरगा कॉम्प्युटर शिकून आला की बाप त्याला घेऊन माझ्याकडं येतो. "दादा, तुमच्या पोरीनं केलं तसं याला सांगा." दहावीच्या माणसाला सल्ला विचारतात. मी पोराला एवढंच विचारतो, "तुला पुढं कशासाठी शिकायचंय?" आणि मग त्याच्या बापाकडं वळून म्हणतो, "तुम्ही पासबुक आणलंय का?"

बहुतेक वेळा बाप खाली बघतो. मला ते खाली बघणं ओळखीचं आहे. मग मी आत चहा सांगतो, आणि पोरानं ऐकावं म्हणून बैलाच्या कासऱ्याची गोष्ट सुरू करतो.