वर्गात कोण उरलंय?

कमी पटाच्या शाळा एकत्र कराव्यात, असं मी बीड जिल्ह्यात विस्तार अधिकारी असताना प्रत्येक बैठकीत ठासून मांडत असे. आज निवृत्त आहे आणि नेमका त्याच्या विरोधात बोलतो.

माझा मुद्दा तेव्हाही पोकळ नव्हता. नववी-दहावीला गणित, विज्ञान, इंग्रजीचे वेगवेगळे शिक्षक लागतात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पदं जातात आणि मराठीचे सर भूमिती शिकवू लागतात. त्यापेक्षा चार गावं मिळून एक धड शाळा बरी. सप्टेंबर २०२३ मध्ये पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर समूह शाळांचे, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

पट का घसरतो, यावर माझं ठरलेलं उत्तर होतं: मास्तर शिकवत नाहीत. पण मुळात मुलंच कमी झालीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्याचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.९ च्या आसपास होता. २०१९-२१ मध्ये तो १.७ वर आला. कितीही जीव ओतून शिकवलं तरी वर्ग पूर्वीसारखा भरणार नाही.

मत फिरलं ते निवृत्तीनंतर एका जिल्हा परिषद प्रशालेचा हजेरीपट नावानिशी वाचताना. नोकरीत मी फक्त खालची बेरीज पाहायचो. ज्यांना परवडतं त्यांची मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, त्यात मुलगे जास्त. गावात उरतात मुली आणि शेतमजुरांची, ऊसतोड्यांची लेकरं. पट धरतात ३० सप्टेंबरचा. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की काही पोरं आईबापाबरोबर जातात, काही आजीपाशी राहतात. आजीपाशी राहिलेल्या मुलीची नववी सुटत नाही, कारण शाळा गावातच आहे.

ती लांब नेली तर? मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाची निळी बस आहे, मोफत पास आहे, सायकलही मिळते. पण फाट्यापासून पोरगी अंधारात एकटी कशी येईल, हा प्रश्न निघाला की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्याच फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी चारांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसतं. शिक्षण हक्क कायदाही चौदाव्या वर्षीच थांबतो, म्हणजे नववी-दहावीला त्याचा आधार नाही.

विषयशिक्षकाची अडचण आजही खरी आहे. पण गणिताचे सर मोटारसायकलवर दोन गावं करू शकतात, मुलीला ते जमणार नाही. म्हणून फिरायचं असेल तर शिक्षकाने फिरावं. आणि संचमान्यतेच्या तक्त्यात पटाशेजारी आणखी दोन रकाने हवेत: त्यात मुली किती, आणि पुढची शाळा किती लांब. ते कोरे असतील, तर शाळा हलवण्याच्या कागदावर कुणीही सही करू नये.